नातेवाईक उपलब्ध नाही

३ मार्च

वन्संना नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी 'बरी आहे' एवढं ओरडून ठेवून देते, तेव्हा चार ओळी कागदावर लिही, असं तुम्ही म्हणता. लिहिते. पण कागदावरही मी बरीच आहे असं समजा.

दवाखान्यात नवीन उद्योग निघालाय. सगळ्या पेशंटचे केसपेपर आता कॉम्प्युटरमध्ये घालायचे. ट्रस्टच्या लोकांनी मशीन दिलं आणि सांगितलं, जूनअखेर हजार माणसांच्या नोंदी झाल्या नाहीत तर उचलून दुसऱ्या दवाखान्याला देऊ. आजपर्यंत झाल्या अकरा. त्यांतले सहा आम्ही कामाला असलेलेच.

मोठ्या डॉक्टरांनी (हे नवे, वय चाळीस, पण खुर्ची मोठी म्हणून मोठे) फेसबुकवर दवाखान्याचं पान उघडलं. त्यावर लिहिलं, 'सन्माननीय नागरिकांनो, आपल्या संस्थेमध्ये एकात्मिक डिजिटल आरोग्य नोंद प्रणाली कार्यान्वित करण्यात येत असून तिचा सर्वांनी लाभ घ्यावा.' भोवती गुलाबाची वेल. ती वेल आमच्या ऑपरेटरची. हा गृहस्थ पंधरा वर्षं स्टुडिओत लग्नाचे अल्बम करायचा, म्हणून आम्ही त्याला फोटोवाला म्हणतो. वेल लावल्याशिवाय त्याच्या हातून काही सुटतच नाही. त्या सूचनेला तीन अंगठे आले. एक डॉक्टरांचा, एक त्यांच्या बायकोचा आणि एक फोटोवाल्याचा.

मग मला बोलावणं आलं. "मावशी, लोक तुमचं ऐकतात. आता पानावर तुम्ही लिहा."

"मी काय लिहिणार?"

"खिडकीत बसून जे बोलता तेच लिहा. फक्त ओरडू नका."

तुम्हाला ठाऊक आहे, माझी शाळा दुसरीपर्यंत. आया म्हणून इथे लागले तेव्हा रिकाम्या वेळी केसपेपर चाळत बसायची. आधी 'ताप' वाचायला शिकले, मग 'खोकला', मग जुन्या डॉक्टरांचं अक्षर. ते एकदा जमलं की जगातलं काहीही वाचता येतं. आता पुस्तकाशिवाय दिवस जात नाही. तेव्हा लिहूनही बघते.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई दर गुरुवारी येतात. त्यांनी माझे डोळे तपासले. किरकोळ आहे म्हणाल्या. थेंब दिलेत. बाकी हल्ली दारं अरुंद करतात की काय कोण जाणे, जाता-येता उजवा खांदा चौकटीला आपटतो.

तुमची,
वहिनी


१२ मार्च

वहिनी, अनेक आशीर्वाद.

दारं अरुंद होत नाहीत. एक तर तू रुंद झालीस, नाहीतर तुझं लक्ष ठिकाणावर नाही. पत्र वाचून मी दोन दिवस विचार केला आणि मला उलगडलं. आमचा धाकटा नेहमी तुझ्या डाव्या हाताला चालायचा. तो जाऊन तीन वर्षं झाली तरी तू डावीकडे त्याच्यापुरती जागा सोडून चालतेस, म्हणून उजवीकडे आपटतेस. यावर थेंब नाहीत गं. माणसांत राहा, पोटभर जेव.

इकडे सगळं ठीक. सुनेनं मला फेसबुकवर घातलंय. फोटोच्या जागी कुंडी आहे, कारण फोटो काढताना मी डोळे मिटते. कानातलं यंत्र शिट्टी मारतं म्हणून मी ते काढूनच ठेवते. कुणी काही बोललं की नुसती हसते. त्यामुळे आमच्या इमारतीत मी फार गोड स्वभावाची समजली जाते. तुझ्याइतकं मला कोण ओळखतं?

ते कॉम्प्युटरचं मात्र मला पटत नाही. धाकट्यानं तिथे तीस वर्षं कंपाउंडरकी केली ती कागदावरच ना? कुणाचं काय अडलं?

आशीर्वाद,
थोरली


२४ मार्च

वन्संना नमस्कार.

पोटभर जेवते.

मी पानावर लिहायला लागले. पहिलं लिहिलं ते असं: 'एका बाईंना विचारलं, कोणती गोळी चालू आहे? बाई म्हणाल्या, पांढरी. आमच्या कपाटात पांढऱ्या गोळ्या एकशे चौदा प्रकारच्या आहेत. नोंद करून ठेवा, म्हणजे वेळेला गोळीचं नाव आठवत बसावं लागणार नाही.'

दोनशे चाळीस अंगठे! फोटोवाल्यानं आनंदात वेलीला कळ्या काढल्या.

दुसऱ्या दिवशी खिडकीत एक बाई आली. "ती पांढऱ्या गोळीची मीच ना?" म्हटलं, नाही हो. मग दुसरी आली, ती आधीच रडवेली. तिसरी भांडायलाच आली. "माझं लिहायचं तर नाव का नाही घातलं? माझ्या माहेरची माणसं बघतात ते पान!" चौथा पुरुष होता. तिघींना आणि त्याला म्हटलं, आता आलाच आहात तर नोंद करून जा. केली.

पण आमचे जुने डॉक्टर बिथरलेत. वय चौऱ्याहत्तर, चाळीस वर्षं एकच पेन. कॉम्प्युटरला हात लावणार नाही म्हणाले, आणि हाताने निषेधाचा कागद लिहून फोटोवाल्याला दिला, 'हाही टाक.' त्यानं वेल लावून टाकला. कुणाला एक अक्षर लागेना. खाली साठ जणांनी विचारलं, काय लिहिलंय? एकानं 'लवकर बरे व्हा' लिहिलं. बाजारातला न्हावी तो फोटो घेऊन औषधाच्या दुकानात गेला आणि खोकल्याची बाटली घेऊन आला. शेवटी मलाच खाली उलगडून लिहावं लागलं, 'डॉक्टर म्हणतात, कॉम्प्युटर पेशंटच्या तोंडाकडे बघत नाही.'

जुने डॉक्टर माझ्या खुर्चीमागे उभे. "मी दीड पान लिहिलंय, तू एका ओळीत उरकलंस?"

"बाकीच्या पानात तुम्ही रागावलाय, डॉक्टर. राग लोकांना फोटोवरनं कळला."

हसले नाहीत, पण चहा माझ्याच टेबलावर प्यायले. मी ओतताना थोडा कपाबाहेर गेला तर कप स्वतःच सरकवून घेतला आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

नोंदी एकशे त्रेसष्ट.

तुमची,
वहिनी


५ एप्रिल

वहिनी, अनेक आशीर्वाद.

तुझं सगळं वाचते. मी कॉमेंटही केली, बघितलीस का? 'छान लिहितेस, पण जेवतेस का?' अशी. सून म्हणाली, अहो आई, हे सगळ्यांना दिसतं. म्हटलं, दिसू दे, सगळ्यांनी विचारावं.

ते गोळीचं वाचून मी माझ्या गोळ्यांची नावं लिहून काढली. माझ्याही चारांत तीन पांढऱ्या निघाल्या. म्हणजे तुझ्या कॉम्प्युटरला मी अगदीच नावं ठेवत नाही, एवढं समज. पण ती बाई कोण गं? ज्या चौघांचं लिहिलंस त्यांतली कुणी नव्हे म्हणालीस. मग कोण?

आणि एक. तुझ्या पत्रातल्या ओळी कागदाच्या उजव्या कडेला पोचल्या की भलतीकडे जातात. दोन ठिकाणी शेवटचा शब्द अर्धाच आहे. उरलेला टेबलावर लिहिला असशील. घाईत लिहीत जाऊ नकोस. मला काही गाडी पकडायची नाही.

आशीर्वाद,
थोरली


१९ एप्रिल

वन्संना नमस्कार.

टेबल पुसताना उरलेले शब्द सापडले. पाठवत नाही.

इकडे गाडी अडली आहे. नोंदी दोनशे नव्वदवर येऊन बसल्या त्या हलेनात. लोक अंगठे दाखवतात, खिडकीत येत नाहीत. बाजारात काय वाटेल ते उठलंय. कॉम्प्युटरमध्ये नाव गेलं की सासूला सगळं दिसतं. डॉक्टरशी भांडलं तर तेही लिहितात. एक जण तर म्हणाला, एकदा आजार आत टाकला की तो बाहेर काढता येत नाही. मोठ्या डॉक्टरांनी उत्तर लिहिलं, 'माहितीची गोपनीयता सर्वतोपरी राखली जाईल.' त्यानं लोक आणखीच घाबरले.

मग परवा कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंनी पानावर सगळ्यांदेखत लिहिलं, 'मावशी, दुसऱ्यांना सांगता, मग तुमचा स्वतःचा कागद दाखवा की. आत काय लिहितात ते तरी कळू दे.' खाली पन्नास जणांनी री ओढली.

मी मोठ्या डॉक्टरांना म्हटलं, माझाच टाकते. ते नको म्हणाले. रुग्णाचा कागद चव्हाट्यावर आणायचा नसतो, मग तो स्वतःचा का असेना. म्हटलं, आजार माझा, कागद माझा, भीती लोकांची. ती जायची तर कुणीतरी दाखवायलाच हवं. त्यांनी माझी दोन ठिकाणी सही घेतली आणि 'नीट बघून टाका' असं तीनदा बजावलं. मी पडदा नीट बघितला, दोनदा. वय, रक्तगट, वजन, रक्तदाब. चार ओळी. त्यांत लपवण्यासारखं एक वजनच. फोटोवाल्यानं फोटो घेतला आणि तासभर वेल लावत बसला.

आज संध्याकाळी टाकतोय. सुनेला सांगा, वजनाचा आकडा मोठ्यानं वाचायचा नाही.

तुमची,
वहिनी


२३ एप्रिल

वहिनी,

वजन कागदाच्या डाव्या बाजूला आहे. उजवी बाजू तू वाचलीस का?

नसशील वाचली तर मी लिहून पाठवते. सुनेनं मोठं करून दाखवलं आणि मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. 'काचबिंदू, दोन्ही डोळे, उजवा जास्त. बाजूची नजर कमी. ऑपरेशन सुचवले: सप्टेंबर. पुढे ढकलले: तीन वेळा. कारण: नातेवाईक उपलब्ध नाही.'

मी काय मेले?

सप्टेंबरपासून आठ महिने! आणि मला लिहितेस, किरकोळ आहे, दारं अरुंद आहेत. मी इथे बसून धाकटा डावीकडे चालायचा की उजवीकडे याचा विचार करतेय, डोळे पुसतेय, आणि तुला चौकट दिसतच नव्हती.

सुनेनं सांगितलं, काचबिंदूत कडेनं दिसेनासं होत जातं, दुखत नाही, आणि गेलेलं परत येत नाही. खरं का? तू वाचतेस, तुला माहीत असणार. शाळेशिवाय अक्षर न् अक्षर कमावलंस ते हे असं घालवायला?

आमच्या इमारतीत बारा जणींनी ते वाचलं. एक जिन्यात म्हणाली, अहो, त्या मावशी तुमच्याच नात्यातल्या ना? मला स्वच्छ ऐकू आलं. मी ऐकू न आल्यासारखं करून हसले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी बहिरेपणाचं सोंग केलं, ते तुझ्यामुळे.

उत्तर लगेच पाठव. आशीर्वाद देत नाही.

थोरली


१ मे

वन्संना नमस्कार.

उजवी बाजू मी वाचली नाही, कारण ती मला दिसली नाही. एवढंच खरं आहे. पडद्याच्या त्या बाजूला काही आहे हेच मला कळलं नाही. फोटोवाल्याला विचारलं, तुला तरी दिसलं ना रे? म्हणाला, दिसलं मावशी, पण तुमचाच कागद, तुम्हाला माहीत असणार. आणि माझं लक्ष वेलीत.

आधी इथलं सांगते, मग माझं.

सोमवारी खिडकी उघडली तर रांग रस्त्यापर्यंत. पुढे शिंपीणबाई. "लिही, मावसबहीण."

"कुणाची?"

"तुझी. मी उपलब्ध आहे. दुकान बंद ठेवते."

तिच्यामागे न्हावी, तो पुतण्या व्हायला आला होता. पांढऱ्या गोळीवरून भांडली होती ती तिसरी बाई म्हणाली, मला थोरली जाऊ कर, म्हणजे तुला दोन गोष्टी सुनावता येतील. जुने डॉक्टर रांग मोडून आत आले. "थोरला भाऊ लिही. तुझा चहा कपाबाहेर जातो तेव्हाच मला कळलं होतं. मी वाट बघत होतो, तू स्वतः केव्हा सांगतेस याची."

मोठे डॉक्टर आधी रागावून आले, पण रांग बघून त्यांचं डोकं चाललं. म्हणाले, "नातेवाईक म्हणून नाव द्यायचं तर आधी स्वतःची नोंद हवी. आम्हाला कळायला नको का, नातेवाईकच चक्कर येऊन पडणारा आहे का?" सगळ्यांनी मुकाट्यानं वय-वजन सांगितलं. आठवड्यात नोंदी सहाशे बारा. ट्रस्टला त्यांनी कळवलंय, की समाजमाध्यमांचा नियोजनबद्ध वापर केला.

एवढी माणसं आली, पण मी एकाचंही नाव लावू दिलं नाही. कारण सांगते, हसू नका.

नातेवाईकाच्या त्या रकान्यात ह्यांचं नाव होतं. कागदावर नाव बदललं की आधीच्यावर रेघ मारतात आणि रेघेखाली ते वाचता येतं. कॉम्प्युटरमध्ये नवीन नाव लिहिलं की जुनं होतं की नव्हतं तेच कळत नाही. डॉक्टरीणबाईंनी दर वेळी विचारलं, कुणाला आणताय? मी म्हणायची, बघते. तीनदा बघते म्हटलं. शेवटी त्यांनी 'उपलब्ध नाही' लिहिलं. त्यांचं काही चुकलं नाही.

तुम्ही विचारलंत ती पांढऱ्या गोळीची बाई कोण. मीच. हे गेले त्या दुपारी ह्यांना मोठ्या इस्पितळात नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरनं मला विचारलं, यांना कोणती औषधं चालू आहेत? तीस वर्षं सगळ्यांना औषधं देणाऱ्या माणसाची बायको मी, त्यांच्या हातून जाणारे केसपेपर वाचून वाचायला शिकलेली. आणि तोंडातून निघालं, पांढरी गोळी. कागद इथे कपाटात. ते वाचले असते असं कुणी म्हणत नाही, मीही म्हणत नाही. पण मला विचारलं होतं आणि मला सांगता आलं नाही. म्हणून मला ते मशीन इथेच राहायला हवंय. म्हणून मी लिहिते.

आणि तुम्हाला का बोलावलं नाही? तुमचे गुडघे, तुमचा कान, ही सांगायची कारणं झाली. खरं कारण असं, की तुम्ही खोकता त्यांच्यासारख्या, आणि खुर्चीत बसता त्याही एक पाय खाली दुमडून, त्यांच्यासारख्याच. ते मला घरात बघवेल की नाही, हे मला ठाऊक नव्हतं. अजूनही नाही.

तुमची,
वहिनी


६ मे

वहिनी,

बारा तारखेच्या सकाळच्या बसनं येतेय. स्टँडवर कुणाला पाठवू नको. मला हाका ऐकू येत नाहीत आणि तुला मी कडेनं आले तर दिसणार नाही. मी सरळ घरी येईन.

सोळाचा गुरुवार मी डॉक्टरीणबाईंकडून पक्का करून घेतलाय. सुनेनं फोन केला. आता 'बघते' म्हणायचं नाही.

मी खोकणार. माझा खोकला माझा आहे. आणि बसण्याचं म्हणशील तर मी त्याच्यासारखी बसत नाही, तो माझ्यासारखा बसायचा. पाच वर्षांनी मोठी आहे मी. त्यानं आयुष्यभर माझी नक्कल केली आणि श्रेय त्याला?

तू दिलंस ते उत्तर त्यानं ऐकलं असतं तर काय म्हणाला असता सांगू? "पांढरी हे बरोबरच आहे, एकशे चौदांत शोधायचं काम त्यांचं." तो असाच होता. लहानपणी माझा रेडिओ फोडल्यावरही असंच काहीतरी बोलला होता.

आशीर्वाद देते. मागच्या पत्रातले राहिलेलेही यात धर.

थोरली


१७ मे

वहिनी,

हे पत्र तुझ्या खाटेशेजारी बसून लिहितेय. तुझ्या डोळ्यावर पट्टी, वाचायचं नाही, वाकायचं नाही अशी ताकीद, आणि माझं कानातलं यंत्र मोठ्या सिस्टरनी 'वॉर्डात शिट्टी नको' म्हणून काढायला लावलं. तेव्हा तू बोललेलं मला ऐकू येत नाही आणि मी लिहिलेलं तुला वाचता येत नाही. तरी लिहिते. पट्टी सुटली की वाच.

काल तू आत तयार होत होतीस तेव्हा बाहेर काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसेल. मी यंत्र कानात घालून सही करायला बसले. फोटोवाल्यानं विचारलं, नातं? मी म्हटलं, नणंद. त्यानं यादी उघडली. पती, पत्नी, आई, वडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, इतर. संपली यादी. म्हणाला, 'इतर' करतो.

'इतर' म्हणजे? म्हटलं, रस्त्यानं चाललेला माणूस इतर. मी हिच्या नवऱ्याला पाळण्यात झोके दिलेत.

तो म्हणाला, मग बहीण करू का? म्हटलं, खोटं का लिहायचं? बहीण असते तर हिला लाडावून ठेवलं असतं. नणंद आहे म्हणून तर आले.

मोठे डॉक्टर आले, डॉक्टरीणबाई टोपी घालून दारात येऊन उभ्या राहिल्या. जुने डॉक्टर म्हणाले (हे मात्र ते माझ्या कानाशी येऊन ओरडले), "कागदावर असतं तर केव्हाच लिहून झालं असतं!" शेवटी मोठ्या डॉक्टरांनी कंपनीला फोन लावला. पलीकडच्या माणसाला नणंद म्हणजे काय ते कळत होतं, पण यादीत शब्द वाढवायला साहेब हवा होता. साहेब मिळाला. नणंद घातली. फोटोवाला म्हणाला, थांबा, जाऊ, दीर, साडू, मावशी, आत्या सगळं एकदाच घेऊन टाकू, नाहीतर रोज हाच तमाशा. चाळीस मिनिटं लागली. तू आत भुकेली पडली होतीस त्याला कारण हे.

त्याआधी मी एक काम करून घेतलं. मोठ्या डॉक्टरांना म्हटलं, आधीचं नाव पुसायचं नाही. ते म्हणाले, पुसत नाही आजी, जुनं सगळं मागे राहतं, फक्त उघडून बघावं लागतं. मला उघडून दाखव म्हटलं. दाखवलं. धाकट्याचं नाव आहे, तारखेसकट. मी बोट लावून वाचलं. आता त्याच्या वरती माझं आहे. लहानपणीही मी वरच्या फळीवर झोपायची आणि तो खाली.

मग सिस्टरनी यंत्र काढायला लावलं आणि तुला आत नेलं. दारापाशी तू माझा हात धरून काहीतरी म्हणालीस. दोन-तीन शब्दच असतील. मला ऐकू आलं नाही. मी आपली हसले. तेव्हापासून ते मला लागून राहिलंय. काय म्हणालीस ते लिहून कळव.

थोरली


२७ मे

वन्संना नमस्कार.

तुम्ही भाजी आणायला गेला आहात तोवर लिहून पलंगावर ठेवते. दहा ओळींची परवानगी आहे, तशी जरा जास्त घेते.

पट्टी निघाली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. म्हणाल्या, गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं बहुतेक राहील. मी म्हटलं, हे मला तोंडपाठ आहे. त्यांना कळलं नाही, तुम्हाला कळेल. वाचता येतंय. ओळ संपत आली की मान थोडी उजवीकडे वळवायची, मग शेवटचा शब्द सापडतो. काल अशी बारा पानं वाचली. तुम्ही खुर्चीत पाय दुमडून बसला होतात आणि खोकत होतात. पहिल्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले होते. काल नाही गेले.

नोंदी नऊशे चाळीस. फोटोवाल्यानं नणंदेची बातमी पानावर टाकल्यापासून लोक आपापली नाती घेऊन येताहेत. जुन्या डॉक्टरांनी परवा स्वतःची नोंद केली, एका बोटानं, पाऊण तास, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांना बोलावून दाखवली.

आता तुम्ही विचारलंत ते. दारापाशी मी म्हणाले होते, "वन्सं, आता जाऊ नका." तुम्ही हसलात, मला वाटलं हो म्हणालात. त्या भरवशावर मी आत गेले, आणि खरं सांगते, भीती वाटली नाही. काल तुमच्या पिशवीत चष्मा शोधताना परतीचं तिकीट दिसलं, दोन जूनचं.

मी कुणाकडे काही मागितलं नाही कधी, तुम्हाला ठाऊक आहे. मागायचं कसं असतं तेही नीट येत नाही. तरी कागदावर विचारते. इथे राहता का?

हसून चालणार नाही. लिहून द्या.

तुमची,
वहिनी